रविवार दुपारचं दार

पुण्यात 'नाही' म्हणायचे कुणी पैसे घेत नाही. दुकानदार फुकट म्हणतात, घरमालक फुकट म्हणतात, रिक्षावाले तर आपण तोंड उघडायच्या आत म्हणतात. मला मात्र त्याच शब्दाचा पगार मिळायचा. मी बारच्या दारावर उभी राहायचे. लेडी बाउन्सर. काळी पँट, काळा टीशर्ट, कानात वायर. त्या वायरीतून बहुतेक वेळा काहीच ऐकू यायचं नाही, पण ती असली की समोरची माणसं जरा सरळ उभी राहतात.

लोकांना वाटतं या कामाला ताकद लागते. मी कॉलेजात कबड्डी खेळले होते म्हणून एजन्सीनं मला घेतलं हे खरं, पण हात उचलायची वेळ क्वचितच आली. हे काम चेहऱ्याचं आहे. 'नाही' हा शब्द प्रत्यक्षात कधी उच्चारायचा नसतो. 'सर, आज प्रायव्हेट फंक्शन आहे.' 'सर, आत जागा नाही.' 'सर, फक्त कपल एंट्री.' रिकामी टेबलं त्यालाही दिसत असतात, मलाही दिसत असतात, तरी ती भरलेली आहेत असं दोघांनी मानायचं. माणूस अपमान गिळून परत जातो, कारण 'तू नकोस' असं त्याला कुणी म्हटलेलंच नसतं. पहिल्याच आठवड्यात मला शिकवलं: आधी बूट बघ, मग मनगटावरचं घड्याळ, मग बोलायला लाव. इंग्रजीत उत्तर आलं तर सोड, मराठीत आलं तर पुन्हा बूट बघ.

आणि हे कोण करत होतं, तर मी. बोपोडीची सुजाता. माझे आजोबा छप्पन्नच्या दीक्षेतले. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचं फडताळ होतं. वडील खडकीला कारखान्यात फिटर. सभेचं, संपाचं, मोर्च्याचं, कुठलंही पत्रक ते टाकत नसत, विरोधकांचंही नाही. रविवारी सकाळी ते माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. बाकीची मुलं बडबडगीतं म्हणत होती तेव्हा मी 'जाहीर निषेध' म्हणत होते. पाणवठा, देऊळ, हॉटेल, शाळा. त्या पत्रकांतली प्रत्येक लढाई कुठल्या ना कुठल्या दाराशी झालेली होती. आणि मी मोठी होऊन दारावरच नोकरीला लागले, ढकलणाऱ्यांच्या बाजूला. वडिलांना म्हटलं, "सिक्युरिटीत लागलेय." ते म्हणाले, "कुणाच्या?" त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

आता ज्या दाराविषयी लिहायला बसलेय, त्याकडे येते.

हिंजवडीला, खराडीला कंपन्या आल्या, तरुण पोरांच्या हातात एकदम बापाच्या पेन्शनपेक्षा मोठे पगार आले, आणि शहरभर पब उघडले. सगळीकडे एकच नियम: एकटा पुरुष नको. जोडी आणा. आता ज्या पुरुषांना पुरुषच आवडतात त्यांनी काय करायचं? ते ऑफिसातल्या मैत्रिणीला हातापाया पडून आणायचे. शनिवारी मी कितीतरी जोडपी आत सोडली, ज्यांतला मुलगा आत गेल्या गेल्या दुसऱ्या जोडप्यातल्या मुलाशेजारी जाऊन बसायचा आणि दोन्ही मुली आपापल्या मोबाइलमध्ये तोंड घालून बसायच्या. कंटाळलेली मुलगी दिसली की मी ओळखायचे, ही उसनी आहे.

यावर अनिरुद्धनं तोड काढली. अनिरुद्ध सदाशिव पेठेतला, सॉफ्टवेअरमधला, बोलण्यात लिंबू पिळलेलं. तो आमचे मालक नितीनशेठ यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "रविवारी दुपारी तुमचा बार रिकामा असतो. आम्हाला द्या. पुणं झोपलेलं असताना आम्ही जागे राहू." नितीनशेठनी अटी घातल्या: दंगा नको, पोलीस नको, साडी नको. तिसऱ्या अटीचा अर्थ असा की साडी नेसून येणारे, टाळी वाजवणारे, रस्त्यावर ओळखू येणारे नकोत. अनिरुद्धनं आणि त्याच्या मित्रांनी ती मान्य केली. 'सध्यापुरतं' असं म्हणून मान्य केली. मी तिथे होते तोवर ते सध्या संपलं नाही.

तर रविवारी दुपारी बाहेर 'बंद' अशी पाटी लागायची आणि आत गाणी सुरू व्हायची. दुपारच का, हे सांगायला हवं. कारण हे सगळे रात्रीच्या जेवणाला घरी हवे असत. आईला 'मॅच बघायला जातो' म्हणून सांगितलेलं असायचं, बायकोला 'ऑफिसचं काम आहे' म्हणून. कायदाही तेव्हा आमच्या विरोधात होता. नुसतं एकत्र जमणं गुन्हा नव्हता, पण पोलिसाला हे समजावणार कोण? म्हणून दारावर बाई. पुरुष बाउन्सर पाहिला की यांतली अर्धी पोरं घाबरून परत फिरायची, आणि साहेब आले तर बाईशी जरा सांभाळून बोलायचे. मी वरती 'आमच्या' म्हटलं म्हणून वाचक विचारतील, तू कोण? दारात मी हा प्रश्न कुणालाही विचारला नाही. तेव्हा त्याचं उत्तर इथेही देणार नाही.

त्या दारानं मला हसवलंही खूप. एकदा कॉलेजच्या पाचसहा मुली आल्या. कुणाचा तरी वाढदिवस होता.

"आम्हाला आत जायचंय. आम्हाला कळलंय इथे काय असतं ते."

"काय असतं?"

"म्हणजे... आम्ही खूप ओपन आहोत. आम्हाला फक्त बघायचंय."

"बघायचं असेल तर कात्रजला जा. तिथे वाघही आहे."

एकदा एक बाई आल्या. नऊवारी नाही, साधी सुती साडी, हातात स्टीलचा डबा, कपाळावर घाम. मी नेहमीचं वाक्य काढलं, "मॅडम, आत कोण आहे ते मी सांगू शकत नाही."

"मी कुठे विचारलं?" त्या म्हणाल्या. "हा डबा ज्याचा असेल त्याला द्या. आज संकष्टी आहे. आत कोंबडी खाऊ नकोस म्हणावं."

"कुणाला म्हणू?"

"ज्याला डबा ओळखू येईल त्याला." आणि उन्हातून तरातरा निघून गेल्या. मी डबा काउंटरवर ठेवला. थोड्या वेळानं एक चांगला उंचापुरा मुलगा त्याच्यासमोर उभा राहून लहान पोरासारखा रडत होता आणि बाकीचे त्याची साबुदाण्याची खिचडी खात होते.

असे दिवस होते. मग समीरचं प्रकरण झालं.

समीर कंपनीत होता, लातूरकडचा, बुजरा. एका रविवारी कुणीतरी अनोळखी माणूस आत आला. बूट चांगले, इंग्रजी चांगलं, मीच सोडला. त्यानं मोबाइलवर फोटो काढले आणि नंतर समीरच्या मागे लागला. घरी दाखवीन, ऑफिसात दाखवीन. समीरनं तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही, आम्हाला हे मागाहून कळलं. एक दिवस नोकरी सोडून गावी गेला. त्याच्या खोलीची किल्ली अनिरुद्धला कुरिअरनं आली, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही.

त्यानंतर हमीचा नियम आला. नवा माणूस एकटा आला तर सोडायचा नाही. जुन्यांपैकी एकानं त्याच्याबरोबर दारात यायचं आणि माझ्यासमोर म्हणायचं, "हा माझा माणूस." पतपेढीत जामीन राहतात तसं. उद्या काही झालं तर आधी जामीनदाराला विचारणार. मला नियम आवडला. बूट बघायचे नाहीत, इंग्रजी ऐकायचं नाही. जात नाही, पैसा नाही, फक्त माणसानं माणसाची हमी द्यायची. मला वाटलं, माझ्या पत्रकांतलं काहीतरी इथे आलं.

समोर चहाची टपरी होती. तिथल्या मावशींच्या बाकावर रविवारी एक माणूस येऊन बसायला लागला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, पायात चपला. चहा घ्यायचा आणि आमच्या दाराकडे बघत बसायचा. मला आधी संशय आला, साध्या कपड्यातला पोलीस असेल. मी सरळ जाऊन विचारलं.

"कुणाची वाट बघताय?"

"कुनाची न्हाई."

"मग इथे काय?"

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "आत जे जात्यात, त्यातला म्या बी हाय," तो म्हणाला. इतकं सरळ मला त्या दारावर आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचं नाव दत्ता. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर तोलाईचं काम करायचा. म्हणजे शेतकऱ्याचा माल आला की गोणी काट्यावर चढवायची, वजन सांगायचं, ते आडत्यानं लिहून घ्यायचं. रविवारचा सकाळचा बाजार उरकला की अंघोळ करून यायचा. "कांद्याचा वास हाताचा जातच न्हाई," म्हणाला, "म्हनून लांब बसतो."

मी त्याला नियम सांगितला. तो म्हणाला, "मला वळकनारं आत कोन असनार?"

"आत जाऊन करायचंय काय? नाचायचंय?"

"छ्या! बसायचंय. नुसतं बसायचंय. कुनाला काय न सांगता."

मी त्या रविवारी दारावर परत येऊन उभी राहिले आणि आत जाणाऱ्यांकडे पाहिलं. 'हा माझा माणूस' म्हणत येणारे सगळे एकमेकांचे कोण होते? एका कंपनीतले, एका जिममधले, एका फ्लॅटमधले. मी बूट बघायचे सोडले होते. नियमच बूट बघत होता.

पुढच्या रविवारी, बार उघडायच्या आधी, मी बैठक बोलवायला लावली. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या होत्या. अनिरुद्ध, नितीनशेठ आणि जोशीकाका. जोशीकाका बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचे कायमचे अध्यक्ष, आमच्यातले सगळ्यांत वयस्कर आणि सगळ्यांचे लाडके.

"नियम सगळ्यांना सारखा आहे," अनिरुद्ध म्हणाला. "एक ओळखीचा माणूस आणायचा. यात अन्याय कुठे आला?"

"ओळख कुठल्या दुकानात मिळते? तुमची कँटीनमध्ये होते, जिममध्ये होते. दत्ता कांदे जोखतो. कांद्यांनी हमी द्यायची का?"

"सुजाता, पत्रक वाचू नकोस. बोल."

"मी बोलले की त्याचं पत्रकच होतं. ज्याला कुणी नाही त्याच्यासाठी हे दार आहे, असं तुम्हीच सांगत होतात. आणि ज्याला कुणी नाही त्यालाच तुम्ही म्हणता, कुणालातरी घेऊन या."

"आणि समीर?" अनिरुद्धचा आवाज खाली आला. "पुन्हा तसं झालं तर तुझं तत्त्व जाऊन त्याच्या आईला समजावणार आहे?"

  मी म्हटलं, "ठीक आहे. हमी हवी ना? मी देते. दत्ता माझा माणूस."

 अनिरुद्ध म्हणाला, अगदी मऊ आवाजात, "तुला नाही देता येणार गं. तू स्टाफ आहेस."

"म्हणजे?"

"म्हणजे तू आमचीच आहेस. पण हमी मेंबरनं द्यायची असते."

"उद्या पेंटर येईल भिंत रंगवायला," नितीनशेठ म्हणाले, "तो पण म्हणेल, मी देतो हमी."

त्यांची अब्रू, त्यांच्या आयांची झोप, त्यांच्या नोकऱ्या, हे सगळं दर रविवारी माझ्या हवाली करून हे लोक आत नाचत होते. आणि माझा शब्द मात्र पेंटरच्या शब्दाएवढा. मी कानातली वायर काढून टेबलावर ठेवली. "मग आजपासून दार तुम्हीच सांभाळा," म्हटलं. "आणि का सोडलं ते मी बाहेर जाऊन ओरडून सांगीन. मला ओरडता येतं."

जोशीकाका घाबरले. भांडण मिटवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "अगं, थांब, थांब. आपण असं करू. दत्ताची हमी सगळ्यांनी मिळून द्यायची. काय? आपण त्याचा सत्कार करू. शाल, श्रीफळ. सगळ्यांसमोर ओळख करून देऊ. एकदा स्टेजवर बोलावलं की मग त्याला परका कोण म्हणणार?"

अनिरुद्ध म्हणाला, "काका, बारमध्ये श्रीफळ?"

"का? बारमध्ये लिंबू चालतं, नारळ चालत नाही?"

सगळे हसले आणि ठरलं. आज लिहिताना अंगावर काटा येतो, पण त्या दिवशी मला ते फार सुंदर वाटलं. आमच्याकडे माणसाला मान द्यायचा म्हणजे त्याचं नाव मोठ्या अक्षरात छापायचं, माइकवरून पुकारायचं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कुणी नावानं हाक मारली नाही, त्यांच्यासाठी ते फार मोठं असतं. जोशीकाकांनी मला विचारलं, पूर्ण नाव काय, कामाला कुठे. मी अभिमानानं सगळं सांगितलं. दत्ताला म्हटलं, "रविवारी तुम्हाला आत घेणार आहेत. मानानं." तो लाजला. सत्काराचं मी त्याला बोलले नाही. त्याला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

त्या दुपारी दत्तानं नवे बूट घातले होते. आत गेला, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला, सोडा मागवला. मी दारातून वाकून पाहिलं. तो खुर्चीत मागे टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर, आणि छताकडच्या फिरत्या दिव्यांकडे बघत होता. इतका निवांत माणूस मी त्या बारमध्ये कधी पाहिला नव्हता.

मग गाणं थांबलं. जोशीकाकांनी माइक घेतला. गळा साफ केला. आणि त्यांच्या सोसायटीच्या वर्धापनदिनाच्या आवाजात सुरू झाले. मार्केट यार्डातल्या कांदा-बटाटा विभागात, अमुक लायनीतल्या, अमुक गाळ्यावर, गेली कित्येक वर्षं प्रामाणिकपणे तोलाई करणारे आपले मित्र, श्रीयुत दत्तात्रय. पुढे वडिलांचं नाव. पुढे आडनाव.

त्या खोलीत कुणालाच आडनाव नव्हतं. कुणी रॉकी होता, कुणी सॅम होता. कुणाला कंपनी नव्हती, गल्ली नव्हती, बाप नव्हता. म्हणूनच तर ते तिथे येत होते. आणि आम्ही एका माणसाला उजेडात उभं करून त्याचा पत्ता वाचून दाखवत होतो. टाळ्या वाजल्या. दत्ता उठला, शाल घेतली, नारळ घेतला. त्याचे डोळे गर्दीत एका जागी खिळले होते. त्या जागेवरचा माणूस ग्लास ठेवून स्वयंपाकघराच्या बाजूनं बाहेर पडला. तो प्रीतम होता, जुना मेंबर, बऱ्याच रविवारांनंतर आलेला, दिलदार, सगळ्यांना पाजणारा. त्याचा धंदा काय ते मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

थोड्याच वेळात दत्ता दारातून बाहेर आला. शालीची घडी काखेत.

"एवढ्यात?" मी म्हटलं. "आवडलं नाही का?"

"सक्काळी कामाला जायचंय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता गेला.

पुढच्या रविवारी टपरीचा बाक रिकामा. त्याच्या पुढच्याही. मावशी म्हणाल्या, "फोन पण उचलत नाही बाई तो." मग मी एका सकाळी मार्केट यार्डात गेले. कांद्याची सालपटं उडत होती, हमाल ओरडत होते, पाय ठेवायला जागा नव्हती. जोशीकाकांनी माइकवर सांगितलेला पत्ता इतका चोख होता की गाळा सापडायला अजिबात वेळ लागला नाही. गादीवर प्रीतम बसला होता. मागे भिंतीवर आजोबांचा हार घातलेला फोटो, शेजारच्या खुर्चीत वडील फोनवर.

मला पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. उठून मला गोण्यांच्या मागे घेऊन गेला.

"इथे का आलीस, ताई? कुणी विचारलं तर काय सांगू?"

"दत्ता कुठे आहे?"

"काढला त्याला."

"का?"

"पप्पांनी काढला. काटा मारतो म्हणून."

काटा मारणं म्हणजे वजनात चोरी. तोलणाऱ्यावर याहून वाईट आळ नाही. एकदा तो लागला की बाजारात दुसरा गाळा त्याला उभं करत नाही.

"मारत होता का?"

प्रीतम जमिनीकडे बघत होता. "नाही."

"मग पप्पांना कुणी सांगितलं?"

"ताई, तो रोज माझ्यासमोर काट्यावर उभा राहणार. रोज. आणि मी रोज त्याच्या तोंडाकडे बघणार, आज बोलला का, उद्या बोलेल का. माझं लग्न ठरतंय."

"तो काही बोलला तुला?"

"काहीच नाही. दुसऱ्या दिवशी आला, मान खाली घालून काम केलं, जाताना 'येतो शेठ' म्हणाला. रोजच्यासारखं. तेच मला सहन होईना."  लग्नाला आलेला मुलगा, अंगावर भारी शर्ट, पायाशी कांद्याची माती. मला त्याच्या थोबाडीत द्यायची होती. कबड्डीचा हात होता माझा. मी तशीच परत आले.

अनिरुद्धला सांगितलं.  तो म्हणाला, "भयंकर आहे. पण हे बाहेरचं आहे, सुजाता. आत त्यानं काही केलेलं नाही. आणि बाहेरचं आपण आत आणायला लागलो तर दार बंदच करावं लागेल." जोशीकाकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पुन्हा त्यांनी कधी माइक हातात घेतला नाही.

त्या रविवारी प्रीतम आला. नेहमीसारखा, गॉगल, सेंटचा वास. दारात थांबला. आत जायचं धाडस नाही, परत जायची इच्छा नाही. मी मध्ये उभी. मला फक्त एवढं म्हणायचं होतं: 'सर, आत जागा नाही.' किती सोपं वाक्य. किती जणांना म्हटलेलं. पण त्या बैठकीत मीच भांडून सांगितलं होतं की दारावर माणूस आवडतो की नाही हे बघायचं नसतं. ज्याच्याकडे जायला दुसरी जागा नाही त्याला आत घ्यायचं. त्याच्याकडेही दुसरी जागा नव्हती. माझ्या रागाप्रमाणे दार चालवलं असतं तर मी आणि नितीनशेठ यांत फरक काय राहिला असता?

मी बाजूला झाले. "थँक्स, ताई," तो पुटपुटला. मी चेहरा वळवला.

दत्ताचा पत्ता शेवटी मावशींनी काढला. बहिणीकडे होता, शहराबाहेर मांजरी गावात. तिथे उसाच्या शेतांत नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, आणि नव्या सोसायट्या म्हटल्या की रद्दी आणि भंगार आलंच. एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये दत्ता काट्याशी बसला होता. मला पाहून त्यानं खोकं पुसून पुढे केलं. "बसा, म्याडम."

मी माफी मागितली. मला मागता येत नाही, त्यामुळे ती भाषणासारखीच झाली. लढू या म्हटलं, बाजार समितीकडे तक्रार करू, हमालांच्या संघटनेला सांगू, मी पत्रक लिहिते. त्यानं ऐकून घेतलं.

"त्यात काय लिवनार?" तो म्हणाला. "शेठनं का काढलं ते?"

 ते लिहिल्याशिवाय पत्रक होत नव्हतं, आणि ते लिहिलं की दत्ताला बहिणीच्या घरातही राहता आलं नसतं.

"येतो का वो तो अजून तिकडं?"

खोटं बोलता आलं असतं. "येतो," मी म्हटलं.

"आन तुमी सोडता?"

"सोडते. कुणाला अडवायचं नाही असं मीच..."

"बराबर हाय. अडवू ने कुनाला." त्यानं काट्यावरची धूळ हातानं झटकली. "येक इचारू? त्याचं बी नाव घेतलं का कुनी माइकवर? बापाचं, गाळ्याचं, समदं?"

"नाही."

"का न्हाई?"

मला उत्तर येत होतं. त्यालाही येत होतं. तेवढ्यात एक बाई वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन आली. दत्तानं गठ्ठा काट्यावर ठेवला, उठून दोन पावलं मागे सरकला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"आकडा तुमीच वाचा, ताई," तो तिला म्हणाला. "म्या नगं. तुमीच वाचा, मोठ्यानं."